फडक्याखालचं भगुनं

माय, तुला लिहायचं लय दिवस टाळलं. कारण विचारशील तर धड एकही नाही. सेलूला जिनिंगमध्ये होतो तेव्हा एकदा सरकीच्या पोत्यांना टेकून सुरुवात केली होती, तेवढ्यात कुणी तरी सांगत आलं की पालमला तंबूतला सिनेमा आलाय आणि तिकिटं फाडायला माणूस पाहिजे. गेलो. पुढं त्या तंबूबरोबर गावोगाव फिरलो, मग मळणीयंत्राबरोबर फिरलो, मग एका बोअरच्या गाडीवर. तुला माझं हे ठाऊकच आहे. तेलाचा डबा देऊन बोरीच्या बाजारात पाठवलं तर मी डबा तिथंच ठेवून कुस्त्या बघत बसायचो, आणि तू म्हणायचीस, "ह्याच्या पायाला भवरा हाय." सध्या गावी आहे. बापूंना मोतीबिंदू झालाय, गिरणी मीच बघतो. आता ती करंटवर चालते. इंजिनाची ती टुकटुक गेली, त्यामुळं दळण सुरू आहे का बंद ते शेतातून कळत नाही. गेल्या आठवड्यात विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी रेडिओवर आली. वाड्यात, म्हणजे आपल्या बौद्धवस्तीत, निळे झेंडे लागले, गुलाल उडाला. पाटलांच्या गल्लीत दारं ओढलेली. स्टँडवर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली, पण पोलीस भजी खाऊन परत गेले. तेव्हापासून तू डोक्यातून हलायला तयार नाहीस. म्हणून आज दुपारी गिरणीत गिऱ्हाईक नाही बघून बसलोच.

लोक विचारतात, तुझी माय राजकारणात कशी काय आली? मी सांगतो, लग्नांतून. त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. पण गावात कुणाचं लग्न असलं की दुपारी कुठं तरी व्याही रुसलेला असायचा, विहिणीचा मान राहिलेला असायचा, आणि मांडवातून कुणी तरी पळत यायचं, "वैनी, चला, त्ये जेवंना झालेत." तू पदर खोचून निघायचीस. रुसलेल्या माणसाला तू कधी 'चला, जेवा' म्हणाली नाहीस. त्याच्यापाशी बसायचीस आणि त्यालाच काही तरी मागायचीस. "पाव्हणं, तुमच्याकडं अडकित्ता हाय का?" किंवा "विहीणबाई, आमची वरणाची फोडणी बिघडली वाटतं, जरा चाखून सांगता का?" विहीणबाई उठायची, चुलीपर्यंत यायची, चाखायची, दोन नावं ठेवायची आणि मग तिथंच बसून जेवायची. मी एकदा विचारलं होतं, हे काय गं, आपणच मागायचं? तू म्हणालीस, "रुसलेल्याला दिलं की त्यो अजून रुसतो. मागितलं की त्याला मोठं वाटतं." हे मी पुढं लय ठिकाणी वापरून बघितलं. ट्रकवाल्यांवर चालतं, पोलिसांवर चालत नाही.

ग्रामपंचायतीत बाईची जागा भरायची होती तेव्हा सगळ्यांनी तुझं नाव घेतलं, कारण तुझं कुणाशी वाकडं नव्हतं. बापूंना तर वाटलं, सहीपुरतंच काम आहे. रजिस्टर घरी यायचं, तू चुलीपुढून हात पुसत सही करायचीस आणि शिपाई चहा पिऊन जायचा. तीन-चार वेळा तसं झालं. मग एका मीटिंगला तू स्वतःच गेलीस. सगळे पुरुष खुर्च्यांवर, तू दारात उभी. कुणी बस म्हणेना, कारण बाई खुर्चीवर बसली तर आपण कसं बसायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तू सरपंचाला म्हणालीस, "दादा, उभं राहून पाय दुखायलेत, तुमची खुर्ची जरा द्या की." सरपंच उठला. एकदा उठला म्हटल्यावर त्याला दुसरी खुर्ची आणवावी लागली, आणि पुढच्या मीटिंगपासून तुझी खुर्ची आधीच मांडलेली असायची. मग जिंतूरला पंचायत समितीत तुला घेतलं. तिथनं शाळेचे पत्रे आणलेस, वाड्याला हातपंप आणलास, आणि परत येताना एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची जागा धरून सगळ्या बसला सांगत यायचीस की साहेब काय म्हणाला आणि तू काय म्हणालीस.

तुला जिल्हा परिषदेत जायचं होतं. हे मी सरळ लिहितो, कारण तू गेल्यावर लोक बोलायला लागले की बाईला कसलाच हव्यास नव्हता. होता की! परभणीचा तो मोठा हॉल तू एकदा बघून आली होतीस. तिथं टेबलावर माईक असतो आणि बोलायच्या आधी बटण दाबावं लागतं, हे तू चार दिवस सांगत होतीस. भाकरी थापता थापता परातीच्या कडेवर बोट दाबायचीस आणि म्हणायचीस, "अध्यक्षमहोदय." सेलूहून शेंदरी काठाची साडी आणलीस आणि ट्रंकेत घालून ठेवलीस. बापू म्हणाले, "नेस की एखाद्या दिवशी." तू म्हणालीस, "तिचा दिवस यायचाय अजून." आणि खरंच तो येईल असं दिसत होतं. तालुक्याचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, ते दोनदा घरी येऊन गेले होते. आपल्या गटातून बाई उभी करायची, आणि ती तूच, असं जवळपास ठरलं होतं.

त्याच साली विधानसभेत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपल्या गावात जाळपोळ झाली नाही. आपले लोक अजूनही हे मोठेपणानं सांगतात. पण चावडीवर बसून त्यांनी ठरवलं की वाड्याला काम नाही, दुकानात माल नाही, गिरणीत दळण नाही. बापूंना बोलावून तसं सांगितलं. बापू घरी येऊन खांबाला टेकून बसले. "आपल्याला गावातच राह्यचंय," एवढंच म्हणाले. गिरणीवर मी होतो, दहावी नापास होऊन नुकताच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या बाया ज्वारीच्या पाट्या घेऊन आल्या आणि मी इंजिनाकडं बघत म्हणालो, बंद हाय. इंजिन चालू होतं, माय. त्यांना ऐकू येत होतं. त्या पाट्या उचलून परत गेल्या. गिरणी आल्यापासून घरची दळायची जाती सगळ्यांनीच काढून टाकली होती. वाड्यात एक-दोन उरली होती, बाकीची न्हाणीत पालथी. त्या एक-दोन जात्यांवर अख्खा वाडा दळायला लागला. बोरीला जावं तर तिथल्या गिरणीवाल्यालाही निरोप गेलेला.

दोन दिवस तू चुलीपुढंच होतीस. मला वाटलं, तिकिटाचा विचार करत असशील. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "चल रे माझ्यासंगं," आणि सरळ वाड्यात गेलीस, मावशीच्या दारात. मावशी म्हणजे आपल्या रानात निंदायला यायची ती, जिचा मुलगा परभणीला कॉलेजात होता आणि मोर्चात गेला म्हणून पोलिसांनी उचलला होता. ती दाराशी शेंगा फोडत बसली होती. उठली नाही.

तू म्हणालीस, "मावशे, तुझं भगुनं दे गं जरा. मोठं, पितळेचं."

"कशाला?"

"पाहिजे."

"तुझ्या घरात चार भगुनी हायत. मीच घासलीत."

"चार हायत. पाचवं पाहिजे."

मावशी तुझ्याकडं बघत राहिली. "गावानं आमचं दळण बंद केलं अन् तू भांडं मागायलीस? डोकं फिरलं का गं तुझं?"

"देतीस का न्हाई ते सांग."

तिनं दिलं. आदळलंच म्हण. मी ते उचलून आणलं, रस्त्यात चार माणसांनी बघितलं. घरी आल्यावर तू त्यात काहीच शिजवलं नाहीस. राखेनं घासून पालथं घातलंस. दुसऱ्या दिवशी आपल्या कणगीतली ज्वारी मला दळायला लावलीस, भगुन्यात काठोकाठ पीठ भरलंस, वर पांढरं फडकं बांधलंस आणि ते डोक्यावर घेऊन भर दुपारी चावडीपुढून निघालीस. कुणी विचारलं, "काय वैनी, काय हाय?" तू म्हणालीस, "मावशीचं भांडं आणलं होतं, परत द्यायलेय. रिकामं कसं द्यावं?"

झालं. त्यावर बोलणार काय? आपल्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करत नाही. काही नसलं तर साखरेची चिमूट, नाही तर दोन मिरच्या तरी टाकतात. गावकीनं ठरवलं होतं ते दळणाचं. भांडं परत करायचं काय, ते ठरवायला कुणाला सुचलंच नव्हतं. मावशीनं फडकं सोडलं आणि बराच वेळ पिठात हात घालून बसली, असं तिनंच मला मागाहून सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी वाड्यातून जे भांडं आलं ते बघून तुला हसू आवरलं नाही. लग्नातली कढई! दोन पोरींनी धरून आणलेली. "मावशीनं सांगितलंय, लागंल तुमाला." तू म्हणालीस, "रांडंनं मापच काढलं माझं." आणि तीही भरून गेली. मग हंडा आला, मग घमेलं. कणगी खाली जाताना बापू रोज डोकावून बघायचे, पण तुला अडवलं नाही. उलट एक दिवस मी गिरणी लवकर बंद करायला लागलो तर म्हणाले, "थांब, तुझ्या मायचं दळण राहिलंय."

मग आपल्या आळीतल्या दोघी-तिघी दळणाला आल्या की डब्यात शेरभर पीठ मागं ठेवून जायला लागल्या. त्यांच्या नवऱ्यांना हे कळलं तेव्हा चावडीवर पुन्हा बैठक झाली. कुणी तरी म्हणालं, भांडी रिकामी परत करायची असा नियम करा. तिथल्याच एका म्हाताऱ्या कारभाऱ्याची आई, जी उन्हाला भिंतीशी बसलेली असायची, ती ओरडली, "मुडद्यांनो, रिकामं भांडं कुणाच्या दारात नेतेत का? तुमच्या बायकांना हेच शिकवणार?" बैठक तिथंच मोडली. मी हे आत्ता आठवून एकटाच हसतोय, गिरणीत एक कुत्रं आहे ते कान टवकारून बघतंय.

मग भाऊसाहेबांची जीप आली. त्यांनी चहा घेतला, बापूंना पानाचा डबा पुढं केला, आणि गोड आवाजात म्हणाले, "वैनी, तुमच्या हुशारीचं कौतुक परभणीपर्यंत गेलंय. पण गावं आपल्या हातची जायलेत. तुमचं तिकीट मी नक्की करून आलोय. फक्त एक करा. आता जे भांडं आलंय ना, तेवढं एक रिकामं द्या. चार लोकांदेखत. एकदाच. मग पुढं तुमी काय करता मी विचारणार न्हाई."

तू म्हणालीस, "भाऊसाहेब, तुमच्या घरी रिकामं देतेत का?"

"राजकारणात घरचं आणू नये, वैनी."

"मग माझं तिकीट घेऊन माझ्या घरात कशाला आलात?"

ते मोठ्यानं हसले. तूही हसलीस. ते गेल्यावर मात्र तू हसत नव्हतीस. चुलीपुढं बसून राहिलीस, भाकरी करपली. मला म्हणालीस, "त्याला मतं पाहिजेत. वाड्याची मतं हायत, बायांची हायत. माझं तिकीट त्यो काढणार न्हाई." मला आठवतं, तू हे दोनदा म्हणालीस. आणि मग ट्रंक उघडून ती साडी काढून बघितलीस आणि परत घडी घालून ठेवलीस. त्या वेळी आत जे भगुनं पालथं होतं ते मावशीचंच होतं, तेच पहिलं, फिरून परत आलेलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर आख्खं गाव. भाऊसाहेबांचा माणूसही. तू येतेस, डोक्यावर भगुनं, वर फडकं. नेहमीसारखीच चालतेस, जड आहे का हलकं ते मानेवरून कळू देत नाहीस. डोक्यावर वजन कसं पेलायचं ते तुला नीट ठाऊक. मी मागं. भाऊसाहेबांचा माणूस पुढं येतो, "वैनी, फडकं काढता का?" तू भगुनं उतरवून चावडीच्या पायरीवर ठेवतेस. "तुमीच काढा की," म्हणतेस. "आत काही नसलं तर तुमीच तुमच्या हातानं मावशीच्या दारात पोचवा. रिकामं न्यायला मला लाज वाटती. असलं तर मी नेते." तो माणूस फडक्याकडं बघतो, मग मागं. कुणी पुढं येत नाही. वाड्यातलं भांडं हातात धरायचं एकालाही नाही, आणि रिकामं भांडं कुणाच्या दारात न्यायचं पाप तर त्याहून नाही. तू थोडं थांबतेस, जितकं थांबायला पाहिजे तितकंच, मग वाकून भगुनं उचलतेस आणि वाड्याच्या वाटेला लागतेस. भरलेलं होतं. मीच भरलं होतं.

तुझं गणित चुकलं, माय. भाऊसाहेबांनी मतं मोजली नाहीत, चावडी मोजली. तिकीट बोरीकडच्या एका बाईला गेलं, त्यांच्या चुलत भावाच्या बायकोला. तिला तोवर कुणी घराबाहेर बघितलं नव्हतं. पंधरा दिवसांनी पाऊस उघडला, कापसात गवत कमरेएवढं झालं, निंदायला माणूस मिळेना, आणि चावडीनं ठरवलं की झालं ते झालं. वाड्याला गिरणी खुली झाली. ज्यांनी बंद केली होती तेच सांगत फिरले की आम्ही मिटवलं. मी चिडलो तर तू म्हणालीस, "घेऊ दे की त्यांना. दळण सुरू झालं न्हवं?" पण तुझ्या आवाजात काही तरी कोरडं होतं. त्यानंतर तू 'अध्यक्षमहोदय' कधी म्हणाली नाहीस. परात तशीच फिरायची, बोट कडेवर जायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस ती साडी नेसून तू परभणीला गेलीस, मला घेऊन. मी समजलो दवाखाना असेल. तू जिल्हा परिषदेच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलीस, जिथं बघणारी माणसं बसतात. ती बोरीची बाई समोर माईकपुढं बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, डोळे टेबलावर. तिचा नवरा मागं उभा राहून खुणा करत होता. सगळं कामकाज झालं, ती एक शब्द बोलली नाही. तू बाहेर आलीस, उसाचा रस घेतलास आणि म्हणालीस, "बटण कुठंय ते पण तिला ठाऊक न्हाई रे." मला वाटलं आता रडशील. त्याऐवजी तू परत आत गेलीस. मी बाहेर रसवाल्याशी बैलाबद्दल बोलत बसलो, तो बैल डोळ्यांवर झापडं असून बरोबर वळायचा. तू बराच वेळ आली नाहीस. आलीस तेव्हा त्या बाईला घेऊन. एकमेकींना काय मागितलंत, काय दिलंत, मला तू कधी सांगितलं नाहीस. पण त्यानंतर तुझ्या परभणीच्या फेऱ्या वाढल्या. मग आपल्याकडचे प्रश्न तिथं विचारले जायला लागले, वाड्याच्या शाळेची खोली, बोरीच्या दवाखान्यातली दाई. नाव तिचं छापून यायचं. बापू पेपर वाचून दाखवायचे आणि तू म्हणायचीस, "चांगलं बोलली." मला मात्र ते सहन व्हायचं नाही. तुझी वाक्यं मला ओळखू यायची. तू काविळीनं गेलीस तेव्हा गाव आलं, वाडा आला, मावशी तिसऱ्या दिवसापर्यंत चुलीपाशी बसून राहिली. भाऊसाहेबांनी माणूस पाठवला. ती बाई आली नाही. तिचा नवरा येऊ देत नसेल, असं बापू म्हणाले. मी म्हणालो, आता आयुष्यात तिच्याशी बोलणार नाही. आजवर बोललोही नाही, जरी बोरीच्या बाजारात दोनदा समोर आली होती.

मला तुला खरं तर एवढंच विचारायचं होतं, की तुला परत तसा प्रसंग आला असता तर तू काय केलं असतंस. तिकीट किती पाहिजे होतं ते मी बघितलंय. भरलेलं भगुनं किती जड होतं तेही मीच भरलं म्हणून ठाऊक आहे. आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते मला...

थांब, माय. कुणी तरी आलंय. गिऱ्हाईक समजून उठलो तर तीच. बोरीची. आता केस पांढरे, नवरा नाही बरोबर, जीपही नाही, एस.टी.नं आलीय, चपला हातात घेऊन. दारातूनच म्हणाली, "तू गिरणीवाल्या वैनींचा पोरगा ना? उद्या आमच्या गावात बैठक हाय. विद्यापीठाच्या नावावरून वाड्याचं सगळं बंद करायलेत. मला बोलायचंय, पण एकटीनं जायला भ्या वाटायलंय. तू चलतोस का संगं?" आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "तुझी माय असती तर तिलाच म्हणाले असते. मला त्या बाईची लय आठवण येती." पोत्यावर बसलीय आता, पाणी पितेय. इतकी वर्षं हिच्यावर धरून ठेवलेला राग मी आत्ता शोधतोय आणि तो सापडत नाही. खरं सांगतो, ती आली ते बरं वाटलं.